संगणकाच्या दप्तरातील नोंदी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, त्या वेळी येथील कचेऱ्यांची दप्तरे, मोंढ्यावरील आडत्यांच्या वह्या आणि कारखान्यांचे जमाखर्च हे सारे कागदावरच नांदत होते. आज बियाण्यांच्या संशोधनापासून पोलादी सळ्यांच्या व्यापारापर्यंत, आणि घनसावंगीच्या सेवा केंद्रात मिळणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यापासून मोसंबीच्या बागायतदाराच्या हाती पडणाऱ्या हिशेबपट्टीपर्यंत, संगणकावाचून कोणाचेच पान हलत नाही. ज्या गावी बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिकोची स्थापना करून संकरित बियाण्यांच्या उद्योगाचा पाया घातला, त्या गावी आज शासकीय तंत्रनिकेतन आहे, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे २०१८ साली सुरू झालेले मराठवाडा आवार आहे, आणि हप्त्याने घेतलेल्या लॅपटॉपवर प्रोग्राम लिहिण्याचा पहिला धडा गिरवणारे तरुण आहेत.

या तरुणांपैकी पुष्कळांची पहिली गाठ ज्या अडचणीशी पडते, ती भाषेच्या व्याकरणाची नसते. सी भाषेचा जीसीसी नावाचा कंपायलर उतरवून घ्यावा, तो एखाद्या फोल्डरमध्ये यथासांग ठेवावा, कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून त्याचे नाव टंकावे, आणि या नावाचा अंतर्गत वा बाह्य असा कोणताही हुकूम आपल्या परिचयाचा नाही असे उत्तर यंत्राने इंग्रजीत द्यावे, असा तो प्रकार असतो. वस्तू घरात आहे, डोळ्यांना दिसते आहे, आणि यंत्र मात्र ती नाहीच असे सांगते. मग विद्यार्थी तीच वस्तू पुन्हा उतरवतो, मित्राच्या सांगण्यावरून दुसरी आवृत्ती आणतो, आणि अखेरीस दुरुस्तीच्या दुकानात जाऊन सारी डिस्क पुसून नव्याने विंडोज भरून घेण्यापर्यंत मजल जाते. वस्तुतः उणीव असते ती एका ओळीची. ती ओळ ज्या नोंदींमध्ये लिहावयाची असते, त्या नोंदींना एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल असे म्हणतात. ज्याने यंत्र स्वतःच्या पैशाने विकत घेतले आहे, त्याला त्याच्या या नोंदी वाचता आल्या पाहिजेत आणि प्रसंगी स्वतःच्या हाताने दुरुस्त करता आल्या पाहिजेत, असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

या नोंदींचे स्वरूप अत्यंत साधे आहे: डाव्या बाजूस एक नाव, मध्ये बरोबरीचे चिन्ह, उजव्या बाजूस त्याचे मूल्य. ‘टेम्प’ या नावापुढे तात्पुरत्या फायली ठेवण्याच्या फोल्डरचा पत्ता असतो. ‘यूजरप्रोफाइल’ या नावापुढे वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरचा पत्ता असतो. ‘जावा_होम’ या नावापुढे जावा भाषेचा मुक्काम कोठे आहे हे लिहिलेले असते. (येथे नावे देवनागरीत दिली असली, तरी यंत्रावर ती रोमन अक्षरांतच टंकावयाची आहेत.) प्रोग्राम लिहिणारा माणूस बंगळुरात वा बोस्टनमध्ये बसलेला असतो, परतूरच्या एखाद्या घरातील संगणकावर कोणती डिस्क आहे, वापरणाऱ्याचे नाव काय, त्याला कोणती भाषा हवी, हे त्याला ठाऊक असणे शक्य नाही, म्हणून तो आपल्या प्रोग्राममध्ये पत्ता न लिहिता केवळ नाव लिहितो, आणि त्या नावाचे स्थानिक मूल्य काय ते प्रत्येक यंत्राने आपापल्या दप्तरातून पुरवावे, अशी तजवीज ठेवतो.

आता या व्यवस्थेतील जी गोष्ट बहुतेकांना चकवते ती सांगितली पाहिजे, आणि तिच्यासाठी महसुली दप्तराचा दाखला जितका चपखल बसतो तितका दुसरा कोणताही बसणार नाही. तलाठ्याच्या दप्तरातून एखाद्या खातेदाराने सातबाराची नक्कल घेतली, आणि त्यानंतर आठ दिवसांनी मूळ दप्तरात फेरफार मंजूर झाला, तर त्या इसमाच्या खिशातील नक्कल आपोआप बदलत नाही. ती ज्या दिवशी काढली त्या दिवशीची स्थितीच दाखवत राहते, आणि नवी स्थिती हवी तर नवी नक्कल काढावी लागते. संगणकात नेमके हेच घडते. कोणताही प्रोग्राम सुरू होतो तेव्हा ज्या प्रोग्रामने त्याला सुरू केले त्याच्याजवळच्या नोंदींची एक नक्कल त्याच्या स्वाधीन केली जाते, आणि त्याने पुढे आणखी एखादा प्रोग्राम सुरू केला तर त्याला या नकलेची नक्कल मिळते. मूळ दप्तरात नंतर केलेला फेरफार आधीच चालू असलेल्या बहुतेक प्रोग्रामांच्या हाती पोहोचत नाही; ज्यातून आपण नव्या खिडक्या उघडतो तो विंडोजचा एक्सप्लोरर मात्र फेरफाराची सूचना मिळताच आपली नक्कल ताजी करून घेतो. म्हणूनच नवी नोंद करूनही जुन्या काळ्या खिडकीत काहीच फरक दिसत नाही, आणि ती खिडकी मिटून नवी उघडताच सारे सुरळीत होते. खिडकी एखाद्या संपादक-प्रोग्रामच्या पोटात उघडलेली असेल, तर तो संपूर्ण प्रोग्रामच बंद करून पुन्हा उघडावा लागतो, कारण खिडकीला मिळणारी नक्कल त्याच्याजवळच्या जुन्या नकलेवरून निघते. उलट दिशेचा नियमही तितकाच ध्यानात ठेवण्यासारखा आहे: खिडकीत ‘सेट’ या हुकुमाने जे मूल्य लिहिले जाते, ते केवळ त्या खिडकीच्या नकलेवर लिहिले जाते, मूळ दप्तराला त्याचा स्पर्शही होत नाही, आणि खिडकी मिटली की ते नाहीसे होते. प्रयोग करून पाहणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे, कारण येथे चुकले तरी काहीही कायमचे बिघडत नाही.

ही पद्धत पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांनी १९७९ साली युनिक्स या कार्यप्रणालीची सातवी आवृत्ती बाहेर काढली, तिच्यात स्टीफन बोर्न यांनी रचलेला शेल होता, आणि एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे नोंदींचा वारसा जाण्याची आजची रीत त्या आवृत्तीत रूढ झाली. १९८३ साली मायक्रोसॉफ्टच्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने ती उचलली, आणि तेथून ती विंडोजमध्ये आली. डॉसच्या काळी या नोंदी ‘ऑटोएक्झेक’ नावाच्या एका फायलीत ओळीने लिहिलेल्या असत आणि संगणक सुरू होताना वाचल्या जात. आजच्या विंडोजमध्ये त्या रजिस्ट्री नावाच्या मध्यवर्ती भांडारात असतात, आणि वापरणाऱ्याने तेथे थेट हात न घालता त्यासाठी दिलेल्या खिडकीतूनच त्या पाहाव्यात, हेच इष्ट.

ती खिडकी उघडणे कठीण नाही. स्टार्टच्या शोधचौकटीत ‘एन्व्हायरन्मेंट’ असा शब्द टंकला की दोन वाटा समोर येतात: एक संपूर्ण यंत्राच्या नोंदींकडे नेणारी आणि दुसरी केवळ आपल्या खात्याच्या नोंदींकडे नेणारी. पहिलीसाठी प्रशासकाचा अधिकार लागतो, दुसरीसाठी लागत नाही. यंत्राच्या नोंदी त्या संगणकावर काम करणाऱ्या सर्वांना लागू होतात. खात्याच्या नोंदी फक्त त्या खात्यापुरत्या असतात, आणि एकाच नावाची नोंद दोन्हीकडे असेल तर सर्वसाधारणपणे खात्याची नोंद वरचढ ठरते. ज्या घरात एकाच संगणकावर वडिलांचे दुकानाचे हिशेब आणि मुलाचा अभ्यास हे दोन्ही चालतात, तेथे मुलाने आपले सारे फेरफार स्वतःच्या खात्याच्या हद्दीतच ठेवावेत. दुसऱ्याच्या कामाला धक्का न लावता शिकण्याची मुभा त्यामुळे त्याला मिळते. केवळ वाचावयाचे असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसते ‘सेट’ असे टंकून एंटर दाबावे, की सारी यादी पडद्यावर येते, आणि ती एकदा शांतपणे वाचून काढल्याने यंत्राविषयीची भीती जितकी कमी होते तितकी कोणत्याही पुस्तकाने होत नाही, असा माझा अनुभव आहे.

या सर्व नोंदींत अग्रमान ‘पाथ’ या नोंदीचा. तिचे मूल्य म्हणजे एका फोल्डरचा पत्ता नसून अनेक फोल्डरांच्या पत्त्यांची ओळ असते. विंडोजमध्ये हे पत्ते अर्धविरामाने आणि लिनक्समध्ये अपूर्णविरामाने विलग केलेले असतात. आपण काळ्या खिडकीत एखाद्या प्रोग्रामचे केवळ नाव टंकतो, तेव्हा यंत्र सारी डिस्क धुंडाळत बसत नाही. कमांड प्रॉम्प्ट प्रथम आपण ज्या फोल्डरात उभे आहोत तेथे पाहतो आणि मग पाथमधील फोल्डर डावीकडून उजवीकडे क्रमाने तपासतो. जेथे ते नाव प्रथम सापडते तेथे शोध संपतो, आणि कोठेच सापडले नाही तर वर सांगितलेले नकाराचे उत्तर मिळते. जीसीसी कंपायलर ज्या ‘बिन’ नावाच्या फोल्डरात आहे, त्याचा पूर्ण पत्ता पाथमध्ये एक नवी ओळ करून घातला आणि नवी खिडकी उघडली, की विद्यार्थ्याची अडचण जागच्या जागी मिटते.

क्रमाचे हे महत्त्व अनेकदा अनाकलनीय वाटणाऱ्या घोटाळ्यांचा खुलासा करते. एकाच संगणकावर पायथन भाषेच्या दोन आवृत्त्या असतील, तर ज्या आवृत्तीचे फोल्डर पाथमध्ये आधी येते तीच चालते, आणि दुसरीत भरलेली सारी ग्रंथालये पहिलीला अदृश्य राहतात. विंडोजमध्ये तर आणखी एक गंमत अशी, की पायथन बसवलेली नसतानाही तिचे नाव टंकताच मायक्रोसॉफ्टच्या दुकानाचे दार उघडते, कारण ‘विंडोजॲप्स’ नावाच्या फोल्डरात त्या नावाचा एक पोकळ दुवा आधीपासून ठेवलेला असतो आणि ते फोल्डर खात्याच्या पाथमध्ये असते. अशा वेळी ‘व्हेअर’ हा हुकूम फार उपयोगी पडतो: ‘व्हेअर पायथन’ असे टंकले, की त्या नावाच्या जेवढ्या वस्तू पाथमध्ये सापडतात त्या साऱ्यांचे पत्ते ज्या क्रमाने सापडतात त्याच क्रमाने पडद्यावर येतात, आणि कोणती वस्तू कोणाच्या आड उभी आहे हे तत्काळ कळते. यंत्राचा पाथ आधी आणि खात्याचा पाथ त्याच्यामागे जोडला जातो, एवढे मात्र लक्षात असू द्यावे. पाथच्या बाबतीत खात्याची नोंद यंत्राच्या नोंदीला बाजूला सारत नाही.

पाथ बदलताना एका विशिष्ट हुकुमापासून मात्र वाचकांना आवर्जून सावध केले पाहिजे. ‘सेटएक्स’ हा हुकूम मूळ दप्तरात कायमची नोंद करतो, आणि त्याच्या साहाय्याने चालू पाथच्या पुढे नवा पत्ता जोडून तो पुन्हा लिहावा, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. या सल्ल्यात दोन धोके दडलेले आहेत. पहिला असा, की सेटएक्स १०२४ अक्षरांपलीकडचे मूल्य कापून टाकतो, आणि अनेक प्रोग्राम बसवलेल्या संगणकाचा पाथ ही मर्यादा सहज ओलांडतो. कापला गेलेला भाग परत मिळवण्याची कोणतीही सोय तो हुकूम ठेवत नाही. दुसरा असा, की खिडकीतला पाथ हा यंत्राचा आणि खात्याचा पाथ एकत्र जोडून बनलेला असतो, त्यामुळे तोच उचलून खात्यात लिहिला तर यंत्राच्या साऱ्या पत्त्यांची दुबार नोंद खात्यात होते आणि पुढील प्रत्येक दुरुस्तीत गुंता वाढत जातो. विंडोज १० पासून पाथ संपादित करण्याच्या खिडकीत प्रत्येक पत्ता स्वतंत्र ओळीवर दिसतो, तो वरखाली सरकवता येतो आणि नको असल्यास एकटाच काढता येतो; एवढी सोय हाताशी असताना सामान्य वापरणाऱ्याने सेटएक्सच्या वाटेला जाण्याचे काहीच कारण नाही.

आतापर्यंतचे विवेचन जगातील कोणत्याही संगणकाला लागू पडेल. परंतु मराठीत काम करणाऱ्याला या नोंदींची जी विशेष गरज पडते तिचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही, आणि मला तर या साऱ्या विषयात तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. गावच्या लाभार्थ्यांची वा बियाणे विक्रेत्यांची नावे देवनागरीत असलेली एक यादी घ्यावी, आणि तिची वर्गवारी करणारा छोटासा पायथन प्रोग्राम एखाद्या विद्यार्थ्याने लिहावा. तर्क निर्दोष असूनही तो प्रोग्राम यादी फायलीत लिहिताना अडखळतो आणि अमुक अक्षर संकेतबद्ध करता येत नाही अशी तक्रार करतो, किंवा वाचताना नावांच्या जागी अर्थशून्य चिन्हांची रांग दाखवतो. कारण असे, की इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर पायथन फायलींसाठी पाश्चात्त्य युरोपीय अक्षरांची जुनी संकेतसारणी गृहीत धरत आली आहे, आणि त्या सारणीत देवनागरीला स्थानच नाही. २०१८ साली आलेल्या पायथनच्या ३.७ या आवृत्तीपासून यावर एका नोंदीचा उपाय उपलब्ध आहे: ‘पायथनयूटीएफ८’ या नावाची नोंद करून तिचे मूल्य १ ठेवावे, की भाषा सर्वत्र यूटीएफ-८ हा संकेत वापरू लागते आणि मराठी नावे जशीच्या तशी आत-बाहेर करतात. प्रोग्रामची एकही ओळ बदलावी लागत नाही.

लिनक्सवर हा विचार आणखी पुढे नेलेला आहे. तेथे ‘लँग’ या नोंदीत ‘एमआर’ हा मराठीचा आणि ‘आयएन’ हा भारताचा संकेत लिहून त्यापुढे यूटीएफ-८ हे नाव जोडले, की ज्या प्रोग्रामांचे मराठी भाषांतर झालेले आहे ते मराठीत बोलू लागतात; मात्र त्या भाषेची स्थानिक मांडणी यंत्रावर आधी तयार करून घेतलेली असली पाहिजे. भाषेच्या निरनिराळ्या अंगांसाठी येथे निरनिराळ्या नोंदी आहेत, आणि त्यांतील ‘एलसी_कोलेट’ ही नोंद अनुक्रम लावण्याची आहे. तिचे महत्त्व एका उदाहरणाने पटेल. युनिकोडच्या सारणीत ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसवलेले आहे, तर आपल्या वर्णमालेत ते ‘ह’ नंतर येते. म्हणून केवळ संकेतांकांच्या क्रमाने नावे लावणारे यंत्र ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’ या आडनावाच्या आधी ठेवते, आणि मराठी शाळेत शिकलेला माणूस मात्र ‘कावळे’ आधी शोधतो. दहा नावांच्या यादीत याने काही बिघडत नाही. परंतु हजारो नावांच्या छापील यादीत ज्याला आपले नाव अपेक्षित जागी सापडत नाही, तो आपले नाव वगळले गेले असेच समजून चालतो. अनुक्रमाच्या नोंदीत मराठी लिहिल्याने, ती मानणाऱ्या प्रोग्रामांना आपल्या वर्णमालेचा क्रम पाळण्याचा मार्ग खुला होतो, आणि पडद्यावरचे संदेश इंग्रजीत ठेवूनही हे करता येते, कारण त्यांची नोंद वेगळी आहे. ‘एलसी_ऑल’ ही नोंद मात्र या साऱ्यांना एकदम झाकून टाकते, म्हणून ती कायमची करून ठेवू नये.

विंडोजचे खाते उघडताना पुष्कळजण आपले नाव हौसेने देवनागरीत लिहितात, आणि तसे करण्यात गैर काहीच नाही. परंतु त्या नावानेच घरचे फोल्डर तयार होते, तात्पुरत्या फायलींचे फोल्डर त्याच्याच पोटात असते, आणि रोमन अक्षरांपलीकडे काही असू शकते याची जाणीव नसलेले काही जुने प्रोग्राम तेथे पोहोचताच बंद पडतात. अशा वेळी नवे खाते उघडण्याची गरज नसते. सी डिस्कवर ‘टेम्प’ नावाचे साधे फोल्डर करावे, आणि खात्यातील ‘टेम्प’ व ‘टीएमपी’ या दोन्ही नोंदींत त्याचा पत्ता लिहावा. ‘यूजरप्रोफाइल’ ही नोंद मात्र हाताने कदापि बदलू नये.

गुप्ततेविषयी थोडक्यात, पण निक्षून सांगितले पाहिजे. व्यावसायिक प्रोग्रामरांमध्ये असा शिरस्ता आहे, की एखाद्या सेवेची गुप्त किल्ली प्रोग्रामच्या मजकुरात न लिहिता एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवावी, म्हणजे मजकूर दुसऱ्याच्या हाती गेला तरी किल्ली जात नाही. हा शिरस्ता योग्य आहे. परंतु त्यावरून या नोंदी म्हणजे तिजोरी आहे असा समज करून घेणे घातक ठरेल, कारण त्या खात्याखाली चालणारा प्रत्येक प्रोग्राम, मग तो कोठून का आलेला असेना, त्या विनासायास वाचू शकतो. ज्या सेवा केंद्राच्या संगणकावर दिवसभर परक्या पेनड्राइव्ह लागतात, तेथे बँकेचा वा शासकीय संकेतस्थळाचा परवलीचा शब्द अशा नोंदीत ठेवणे म्हणजे तो उघड्यावर ठेवणेच होय. अडचण विचारताना ‘सेट’ हुकुमाच्या उत्तराचे छायाचित्र काढून व्हॉट्सॲपवर पाठवण्याची सवयही याच कारणाने सोडावी. त्याचप्रमाणे, ज्या फोल्डरात कोणीही फायली टाकू शकतो असे फोल्डर यंत्राच्या पाथमध्ये घालू नये. तेथे एखाद्या परिचित हुकुमाच्या नावाची बनावट वस्तू ठेवली गेली, तर वापरणाऱ्याने टंकलेले नाव खरे असूनही चालणारी वस्तू खोटी असते.

कोणताही फेरफार करण्यापूर्वी पाथचे चालू मूल्य एका मजकूर-फायलीत उतरवून घ्यावे आणि त्या फायलीला तारखेचे नाव द्यावे. प्रोग्राम काढून टाकल्यानंतर मागे उरलेले त्यांचे निर्जीव पत्ते वर्षातून एखाद्या वेळी पाहून वगळावेत. एवढी दक्षता न घेतल्यामुळे यंत्राचा पाथ चुकून पुसला गेलाच, तरी डिस्क पुसण्याचे कारण नाही. यंत्राच्या नोंदींची खिडकी उघडून पाथमध्ये चार ओळी पुन्हा लिहाव्यात: पहिली विंडोज फोल्डरातील ‘सिस्टिम३२’ची, दुसरी खुद्द विंडोज फोल्डरची, तिसरी सिस्टिम३२मधील ‘डब्ल्यूबेम’ची, आणि चौथी तेथीलच ‘विंडोजपॉवरशेल’ या फोल्डरातील ‘व्ही१.०’ची. या चार ओळींनी विंडोजचे स्वतःचे बहुतेक हुकूम पुन्हा चालू होतात. बाकीच्या प्रोग्रामांचे पत्ते मग त्यांची फोल्डरे पाहून, एकेक तपासून घालता येतात.